आचार्य प्रफुल्लचंद्र राय : विद्या, व्यापार आणि लोकसेवा

लक्ष्मी आणि सरस्वती एका घरीं नांदत नाहींत, असें आपल्याकडे फार दिवसांपासून म्हणत आले आहेत. पंडितानें पोथी सांभाळावी, वाण्यानें तागडी सांभाळावी, आणि लोकसेवा ज्याला दुसरें कांहीं जमत नाहीं त्यानें करावी, अशी एक कामाची वांटणी सुशिक्षित समाजानें मनांतल्या मनांत करून ठेविली आहे. घरांतील हुशार मुलानें किंवा मुलीनें पदवी घेतली कीं शेजारपाजारचीं माणसें विचारतात, "आतां कोठें लागणार?" काय काढणार, काय उभें करणार, असें कोणी विचारीत नाहीं. विद्या म्हणजे कोठें तरी लागण्याची पात्रता, अशी जी समजूत आपल्या हाडींमासीं खिळली आहे, तीच ह्या प्रश्नांतून बोलत असते.

ह्या समजुतीशीं ज्यांनीं आयुष्यभर झगडा केला त्या आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. ते रसायनशास्त्राचे संशोधक व अध्यापक होते. औषधें व रसायनें तयार करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याचे संस्थापक होते. आणि दुष्काळ पडला किंवा महापूर आला म्हणजे झोळी घेऊन लोकांपुढें उभे राहणारे स्वयंसेवक होते. हीं तीन कामें तीन निराळ्या माणसांचीं वाटावीं इतकीं भिन्न आहेत. परंतु बारकाईनें पाहिलें म्हणजे त्यांच्यामागें एकच संवय दिसून येते. वस्तु पारखून घ्यावी, तिची खरी नोंद ठेवावी, आणि हातीं जें येईल तें स्वतःपाशीं अडवूं नये, ही ती संवय होय.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म २ ऑगस्ट १८६१ रोजीं राडुली ह्या गांवीं झाला. हें गांव त्या वेळीं जेसोर जिल्ह्यांत होतें. आज तें बांगलादेशच्या खुलना जिल्ह्यांत आहे. वडील हरिश्चंद्र हे जमीनदार होते. वाचनाचे शौकीन आणि नव्या विचारांचे. मुलांच्या शिक्षणासाठीं त्यांनीं कलकत्त्यास बिऱ्हाड केलें. तेथें प्रफुल्लचंद्रांना लहानपणींच आमांशाचा असा जबर विकार जडला कीं शाळा सोडून घरीं बसावें लागलें. पचनाची तक्रार आणि निद्रानाश हीं पुढें जन्मभर त्यांच्या सोबतीला राहिलीं. परंतु त्या सक्तीच्या विश्रांतींत ह्या मुलानें वडिलांच्या संग्रहांतील पुस्तकांचा फडशा पाडला. प्रकृति अधू असतांही नेमानें काम कसें करावें, हें त्यांना शाळेनें शिकविलें नाहीं, दुखण्यानें शिकविलें.

गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीची परीक्षा देऊन १८८२ सालीं ते एडिंबरो येथें गेले. तेथें क्रम ब्राउन यांच्यापाशीं त्यांनीं रसायनशास्त्राचें अध्ययन केलें आणि १८८७ सालीं डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळविली. मधल्या काळांत विद्यापीठानें हिंदुस्थानाविषयीं एक निबंधस्पर्धा जाहीर केली होती. सत्तावन सालच्या उठावापूर्वींचा व नंतरचा हिंदुस्थान हा तिचा विषय. प्रफुल्लचंद्रांनीं क्षारांच्या बाटल्या कांहीं काळ बाजूला ठेवल्या, इतिहास आणि अर्थशास्त्र वाचलें, आणि इंग्रजी राज्यकारभारावर असा सडेतोड निबंध लिहिला कीं त्याची वाखाणणी झाली, पण बक्षीस मात्र मिळालें नाहीं. तो त्यांनीं छापून वांटला. रसायनशास्त्राचा अभ्यास आणि देशाची काळजी हीं त्यांच्या मनांत निराळ्या खणांत ठेवलेलीं नव्हतीं, हें तेव्हांच दिसून आलें.

१८८८ सालीं ते स्वदेशीं परतले, आणि पदवीधराच्या वाट्याला येणारा अनुभव त्यांनाही आला. जवळजवळ एक वर्ष त्यांना काम मिळालें नाहीं. त्या काळांत त्यांचे मित्र जगदीशचंद्र बोस यांच्या घरीं त्यांना आसरा होता. अखेरीस १८८९ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांत दरमहा अडीचशें रुपयांवर तात्पुरत्या साहाय्यक प्राध्यापकाची जागा मिळाली. तितक्याच शिक्षणाचा इंग्रज गृहस्थ वरच्या श्रेणींत घेतला जाई. हिंदी माणसाला खालची श्रेणी. ह्या अन्यायाची तक्रार त्यांनीं शिक्षणखात्याच्या वरिष्ठांकडे केली, तेव्हां उत्तर मिळालें तें अशा अर्थाचें होतें कीं, आयुष्यांत दुसरेही मार्ग आहेत, ही जागा घ्यावी अशी कोणी सक्ति केलेली नाहीं. अपमान गिळून ते कामाला लागले. पण दुसऱ्या मार्गाचें तें बोलणें त्यांच्या मनांत राहिलें असलें पाहिजे. कारण थोड्याच वर्षांत त्यांनीं तो मार्ग खरोखरच काढून दाखविला.

आरंभींच्या वर्षांत त्यांनीं हातीं घेतलेलें एक काम घरोघरच्या गृहिणींना जवळचें वाटेल. तूप आणि मोहरीचें तेल यांतील भेसळ कशी ओळखावी, हा तो प्रश्न. भेसळ ओळखावयाची तर आधीं शुद्ध वस्तूचे गुणधर्म माहीत हवेत. आणि बाजारांतून आणलेली वस्तु शुद्ध आहे असें कशावरून धरावें? म्हणून त्यांनीं गाई आपल्या देखत दोहविल्या, लोणी आपल्या समोर काढविलें, मोहरी आपल्या डोळ्यांपुढें घाण्याला लावली, आणि मग परीक्षेला सुरुवात केली. असें सुमारें तीन वर्षें केल्यावर १८९४ सालीं त्यांचा निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें ती आपल्या डोळ्यांदेखत तयार झालेली असावी, हा आग्रह लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारखान्यांत आणि दुष्काळांत तोच त्यांच्या उपयोगी पडला.

पुढच्याच वर्षीं पाऱ्यावर पातळ नत्राम्लाची क्रिया चालली असतांना पात्रांत पिवळे स्फटिक जमलेले त्यांना दिसले. दुसऱ्या कोणी ते परिचित क्षार समजून सोडून दिले असते. त्यांनीं पृथक्करण केलें, आणि तो पदार्थ मर्क्युरस नायट्राइट असल्याचें ठरविलें. १८९६ सालीं ही माहिती प्रसिद्ध झाली, आणि नायट्राइट जातीच्या संयुगांचा अभ्यास हें त्यांचें संशोधनाचें क्षेत्र बनलें. याच सुमारास फ्रेंच रसायनज्ञ बर्थेलो यांच्याशीं झालेल्या पत्रव्यवहारामुळें ते आपल्या जुन्या रसग्रंथांकडे वळले. हस्तलिखितें गोळा करून, पंडितांच्या साहाय्यानें तीं वाचून, त्यांनीं हिंदु रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला. पहिला खंड १९०२ सालीं निघाला. आपल्या पूर्वजांना भट्टीपाशीं बसून हातानें काम करण्याची लाज नव्हती. ती लाज मागाहून आली, आणि तिच्याबरोबर शास्त्र मागें पडलें, असा निष्कर्ष ह्या अभ्यासांतून त्यांनीं काढला. जातिभेदानें बुद्धीची आणि हाताची फारकत केली, हें त्यांचें मत होतें, आणि तें त्यांनीं कधीं मवाळ केलें नाहीं.

आतां कारखान्याची हकीकत. कॉलेजांत शिकवितांना त्यांना एक गोष्ट बोंचत होती. रसायनशास्त्र शिकून बाहेर पडणारे तरुण कारकुनीसाठीं अर्ज करीत हिंडत, आणि बाजारांत साधें औषध घ्यावें तर त्याच्या बाटलीवर विलायतेचें नांव असे. कच्चा माल येथला, मजूर येथले, आजारी येथले. मधलें ज्ञान मात्र परकें. हें ज्ञान तर आपण रोज फळ्यावर लिहीत आहों! मग तें फळ्यावरून भट्टीपर्यंत कां जाऊं नये? ह्या विचारानें १८९२ च्या सुमारास, अप्पर सर्क्युलर रोडवरील ९१ क्रमांकाच्या आपल्या भाड्याच्या घरांत, सातआठशें रुपयांच्या भांडवलावर त्यांनीं उद्योगाला आरंभ केला. त्याचें नांव ठेविलें बेंगॉल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स. नांव मोठें होतें. जागा म्हणजे राहत्या घराच्या कांहीं खोल्या.

पहिले प्रयत्न फसले. लिंबाच्या रसापासून सायट्रिक आम्ल काढून पाहिलें, तें परवडेना. मग त्यांनीं हाडांकडे दृष्टि वळविली. जनावराचें हाड जाळलें म्हणजे जी राख उरते ती बहुतेक चुन्याच्या फॉस्फेटची असते. तिच्यावर गंधकाम्लाची व मग सोड्याची क्रिया केली म्हणजे औषधी फॉस्फेट ऑफ सोडा मिळतो. कागदावर हें फार सोपें आहे. प्रत्यक्षांत खाटिकांकडून हाडांचे भारे आले आणि ते घराच्या गच्चीवर वाळत पडले. अवेळीं पाऊस आला, हाडांना चिकटलेलें मांस कुजलें, किडे पडले, कावळे जमले आणि त्यांनीं तो माल शेजाऱ्यांच्या घरांवर नेऊन टाकला. शेजाऱ्यांनीं ओरड केली. तेव्हां हाडें गांवाबाहेर नेऊन जाळण्याचें ठरलें. मध्यरात्रीं मोठा जाळ आणि त्यांत हाडें, हें पाहून पोलिस धांवून आले. कोणाचा तरी खून पचविण्याचा हा घाट आहे असा त्यांना संशय! डॉक्टर ऑफ सायन्स, सरकारी कॉलेजांतील प्राध्यापक, आणि हाडांच्या ढिगापाशीं जाबजबाब देत आहे. हा प्रसंग त्यांनीं स्वतः हंसत हंसत सांगितला आहे. परंतु हंसण्याच्या मागें एक मोठी गोष्ट आहे. त्या काळच्या उच्चवर्णीय कुटुंबांतील मनुष्यानें हाडांना हात लावणें म्हणजे काय, हें आपल्या आजीपणजींना विचारलें असतें तर त्यांनीं सांगितलें असतें. राखेला जात नसते, हा रसायनशास्त्राचा साधा धडा त्यांनीं पुस्तकांतून उचलून गच्चीवर नेला.

माल तयार झाला, पण घेणार कोण? औषधांचे मोठे व्यापारी म्हणत, देशी औषध कोण विश्वासानें घेईल? अशा वेळीं अमूल्यचरण बोस हे डॉक्टर मित्र पुढें आले. ते स्वतःच्या रोग्यांना हींच औषधें देऊं लागले, आणि आपल्या व्यवसायबंधूंनाही त्यांनीं तीं घ्यावयास लाविलीं. शिवाय वैद्यांना ठाऊक असलेल्या अडुळसा, कुडा, ओंवा अशा वनस्पतींचे अर्क नव्या पद्धतीनें, ठरीव प्रमाणानें तयार करावे, ही सूचनाही त्यांचीच. अडुळशाचा काढा आपल्या प्रत्येक घरांत होत असे. परंतु आजचा काढा कडक आणि उद्यांचा पातळ. तोच अर्क दर बाटलींत सारख्या शक्तीचा असेल अशी हमी देणें, हें काम रसायनज्ञाचें. कॉलेजांतून संध्याकाळीं परत आल्यावर प्रफुल्लचंद्र औषधांच्या खोलींत शिरत, हिशेबाच्या वह्या पाहत, आणि मग उरलेल्या वेळांत आपले ग्रंथ उघडीत.

ह्या उद्योगाला दैवानेंही सोडलें नाहीं. सतीशचंद्र सिंह नांवाचा रसायनशास्त्राचा एक पदवीधर, वकिलीचा राजमार्ग सोडून, स्वतःचे पैसे घेऊन कारखान्यांत आला होता. प्रयोगशाळेंत चुकून हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊन तो तरुण दगावला. आणि १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला प्लेग १८९८ सालीं कलकत्त्यास पोंचला, तेव्हां अमूल्यचरण बोस त्याला बळी पडले. पुण्यामुंबईच्या किती घरांनीं त्या वर्षांत माणसें गमावलीं, तें आपणांस सांगावयास नको. दोन्ही आधार गेले. विलायती मालाची स्पर्धा, कर्जाऊ माल, कच्च्या पायावरचा धंदा आणि एकटा प्राध्यापक! येथें हात झाडून मोकळें होण्यास त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनीं धंदा चालविला, आणि १९०१ सालीं त्याची मर्यादित कंपनी केली.

एका माणसाच्या उमेदीवर चाललेली वस्तु त्यांनीं स्वतः होऊन अनेकांच्या हातीं दिली, हें मला त्यांच्या व्यापारी शहाणपणाचें मोठें गमक वाटतें. १९०३ सालीं राजशेखर बसू हे तरुण रसायनज्ञ कंपनींत आले आणि पुढें त्यांनीं व्यवस्थापकाची धुरा वाहिली. बंगाली वाचक त्यांना 'परशुराम' ह्या टोपणनांवानें विनोदी लेखक म्हणून ओळखतात. सतीशचंद्र दासगुप्त ह्यांनीं कारखान्याची बांधणी व यंत्रें यांकडे लक्ष दिलें. १९०५ सालीं माणिकतला येथें आणि १९२० सालीं पाणिहाटी येथें कारखाने उभे राहिले. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू होऊन परदेशचा माल बंद पडला, तेव्हां ह्या देशी कारखान्याची खरी किंमत सरकारलाही कळली. १९३८ सालीं कंपनीनें मुंबईस कारखाना काढला; प्रभादेवीच्या बाजूला राहणाऱ्या मंडळींना बेंगॉल केमिकल हें नांव त्यामुळेंच परिचयाचें आहे. तेथून जातांना ह्या नांवाच्या मुळाशीं एका प्राध्यापकाची गच्ची आणि हाडांचा ढीग आहे, हें किती जणांना आठवत असेल?

एवढ्या कंपनीचा संस्थापक राहत कसा होता? त्याचें उत्तर आपल्याच एका थोर पुरुषानें दिलेलें आहे. नामदार गोखले वरिष्ठ कायदेमंडळाच्या कामासाठीं कलकत्त्यास असत, आणि प्रफुल्लचंद्र त्यांच्या शेजारींच राहत. १९०२ च्या आरंभीं दक्षिण आफ्रिकेहून आलेले गांधीजी महिनाभर गोखल्यांकडे पाहुणे होते. गोखल्यांनीं त्यांना शेजाऱ्यांची ओळख करून दिली ती अशी, कीं ह्या प्राध्यापकांचा पगार दरमहा आठशें रुपये आहे, स्वतःसाठीं ते चाळीस रुपये ठेवतात आणि बाकीचे सार्वजनिक कामाला देतात. ते अविवाहित आहेत आणि लग्न करण्याची त्यांना इच्छाही नाहीं. गांधीजींनीं आत्मचरित्रांत हें नोंदवून ठेविलें आहे. ज्या गोखल्यांनीं स्वतः डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून पंचाहत्तर रुपयांवर उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्यांना ह्या हिशेबाचा अर्थ नीट कळत होता. गांधीजींचें कलकत्त्यांतील सार्वजनिक व्याख्यान घडवून आणण्यांत प्रफुल्लचंद्रांनीं पुढाकार घेतला. तेथून जडलेला स्नेह शेवटपर्यंत टिकला.

१९१६ सालीं प्रेसिडेन्सी कॉलेजांतून निवृत्त झाल्यावर ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजांत पालित प्राध्यापक झाले आणि १९३६ पर्यंत तेथें होते. वयाचीं साठ वर्षें पुरीं झाल्यावर, म्हणजे १९२१ पासून, आपलें वेतन त्यांनीं रसायनशाळेसाठीं विद्यापीठालाच देऊन टाकलें. राहत कोठें? त्याच कॉलेजच्या एका खोलींत. एक खाट, कांहीं पुस्तकें, आणि भोंवतीं विद्यार्थी. बेंगॉल केमिकलमधूनही त्यांनीं स्वतःसाठीं धन साठविलें नाहीं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांत नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी, मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हीं नांवें आहेत. १९२४ सालीं इंडियन केमिकल सोसायटी निघाली, तिचे ते पहिले अध्यक्ष झाले. संसार न थाटलेल्या ह्या माणसाचा गोतावळा असा मोठा होता.

ह्यानंतर त्यांच्या आयुष्याचें तिसरें दालन येतें. १९२१ सालीं खुलना भागांत, त्यांच्या जन्मभूमींतच, दुष्काळ पडला. साठीच्या उंबरठ्यावरील हा अशक्त मनुष्य गांवोगांव हिंडला. त्यानें पैसा व धान्य जमविलें. तें काम आटोपतें न आटोपतें तोंच सप्टेंबर १९२२ मध्यें उत्तर बंगालवर महापुराचें संकट कोसळलें. राजशाही, बोगुडा, पाबना या भागांत घरें, गुरें आणि उभीं पिकें वाहून गेलीं. सरकारची हालचाल धिमी होती. तेव्हां बंगाल रिलीफ कमिटी स्थापन झाली, प्रफुल्लचंद्र तिचे प्रमुख झाले, आणि सायन्स कॉलेजची इमारत तिची कचेरी बनली. जेथें काल परीक्षानळ्या मांडल्या होत्या तेथें आज तांदळाचीं पोतीं आणि कपड्यांचे गठ्ठे येऊन पडले. विद्यार्थी पावत्या लिहीत, गठ्ठे बांधीत, आगगाडीवर चढवीत. प्रत्यक्ष पूरक्षेत्रांत सुभाषचंद्र बोस काम पाहत होते. कारखान्यांतील सतीशचंद्र दासगुप्तांनीं आपलें व्यवस्थेचें कौशल्य येथें लाविलें. मँचेस्टर गार्डियन पत्राच्या बातमीदारानेंही लिहिलें कीं, सरकारनें जें केलें नाहीं तें करण्यासाठीं एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानें देशबांधवांना हांक दिली.

लोकांनीं त्या हांकेला ओ दिली, याचें कारण केवळ दया नव्हे. पुराच्या वेळीं दया सर्वांच्याच मनांत असते. नसतो तो विश्वास. आपण दिलेला रुपया खरोखर कोणाच्या पोटांत जातो, ही शंका दात्याचा हात मागें ओढते. ज्या माणसानें तुपाची परीक्षा करण्यासाठीं गाय समोर दोहविली, आठशें रुपयांतून चाळीस घेऊन बाकीचे दिले, ज्याच्या कारखान्याच्या बाटलींत चिठ्ठीवर लिहिलें असेल तेंच सांपडे, त्याच्या हातीं रुपया देतांना कोणाला शंका वाटली नाहीं. तीस वर्षें प्रयोगशाळेंत आणि कारखान्यांत सांठविलेली पत त्यांनीं पूरग्रस्तांसाठीं खर्च केली, असें म्हटलें तरी चालेल.

मदतीबरोबर कारणाचा शोधही त्यांनीं सोडला नाहीं. रेल्वेच्या उंच भरावांना पाणी वाहून जाण्यास पुरेशा मोऱ्या नाहींत, म्हणून पाणी तुंबतें, असें ते व त्यांचे सहकारी सांगत होते. पुढें ह्या पुरांची चौकशी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याकडे आली. १८७० पासूनच्या पावसाचे व पुरांचे आंकडे तपासून १९२७ सालीं त्यांनीं अहवाल दिला. पाणी अडवून धरण्यासाठीं मोठे खर्चिक जलाशय बांधण्याची जी योजना होती ती निरुपयोगी ठरेल. खरी गरज पाण्याचा निचरा लवकर होण्याची आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. दुःख पाहून डोळ्यांत पाणी येणें ही एक गोष्ट, आणि पाणी कां तुंबलें तें मोजणें ही दुसरी. ज्या मदतकार्यांत दोन्ही होतात तें पुढच्या पुराच्या वेळींही उपयोगी पडतें.

आतां एक वादाचा भाग. खुलना व उत्तर बंगाल पाहून प्रफुल्लचंद्र चरख्याचे कट्टर पुरस्कर्ते झाले. आरंभीं त्यांना तें वेड वाटलें होतें. पण पीक निघाल्यावर शेतकऱ्याचे कित्येक महिने हात रिकामे असतात, आणि दुष्काळांत भीक घेण्यापेक्षां सुताचे चार पैसे मिळवणें त्याला मानाचें वाटतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. राजशाहींतील आत्राई येथें मदतकार्यांतूनच खादीचें केंद्र निघालें. ते स्वतः रोज सूत कातीत. रवींद्रनाथ ठाकुरांना चरख्याचा उत्साह नाहीं म्हणून त्यांनीं छापून टीका केली, आणि १९२५ सालीं रवींद्रनाथांनीं मॉडर्न रिव्ह्यू मासिकांत तिला सविस्तर उत्तर दिलें. सर्वांनीं एकच यांत्रिक क्रिया करीत राहणें हें मनाला जड करतें, अशी कवीची भूमिका होती. ज्यानें गंधकाम्लाचा कारखाना काढला त्यानें टकळीचा प्रचार करावा, ह्यांत विसंगति आहे असें पुष्कळांना वाटलें, आणि आजही वाटेल. मला असें दिसतें कीं दोन्ही ठिकाणीं त्यांचा प्रश्न एकच होता : ह्या माणसाच्या हाताला आज, त्याच्या गांवीं, कोणतें काम देतां येईल? पदवीधराला त्यांनीं कारखाना दाखविला. पुरानें नागवलेल्या कुणब्याला चरखा दाखविला. दुसरें उत्तर फार दिवस पुरणारें नव्हतें, हें मान्य केलें पाहिजे. परंतु प्रश्न खोटा नव्हता.

आणखीही एक किंमत त्यांनीं दिली. विज्ञान थांबूं शकेल, स्वराज्य थांबूं शकत नाहीं, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. हें म्हणणाऱ्याचे प्रयोग थांबतातच. कारखाना, समित्या, प्रवास आणि व्याख्यानें यांत त्यांचे जे दिवस गेले ते प्रयोगशाळेला मिळाले असते तर रसायनशास्त्रांत त्यांचें नांव याहून मोठें झालें असतें, असें म्हणणारे विद्वान् आहेत. तें खरेंही असेल. पण मग त्या वीस वर्षांत घडलेले विद्यार्थी, कामाला लागलेले कामगार आणि जगलेले पूरग्रस्त कोणत्या खात्यांत मांडावयाचे? एका माणसाच्या कीर्तींत जी तूट आली ती दुसऱ्या अनेकांच्या आयुष्यांत जमा झाली.

१६ जून १९४४ रोजीं, सायन्स कॉलेजांतील त्याच खोलींत, त्यांचा अंत झाला. मागें त्यांनीं ठेविली ती इस्टेट म्हणजे दोन खंडांचें आत्मचरित्र, विद्यार्थ्यांचा परिवार आणि लोकांच्या मालकीचा कारखाना. त्या कारखान्याला पुढें वाईट दिवस आले. १९७७ सालीं सरकारनें त्याची व्यवस्था हातीं घेतली आणि १९८० सालीं त्याचें राष्ट्रीयीकरण झालें. संस्थापकाची निष्ठा भागपत्राबरोबर दुसऱ्याच्या नांवावर चढवितां येत नाहीं. ती प्रत्येक पिढीला नव्यानें कमवावी लागते. कलकत्त्याच्या ज्या अप्पर सर्क्युलर रोडवर ती गच्ची होती, त्या रस्त्याला आज आचार्य प्रफुल्लचंद्र यांचें नांव आहे.

श्रोतेहो, आपल्या घरांतून आज पूर्वींपेक्षां कितीतरी अधिक मुलें-मुली विज्ञान शिकतात. त्या सर्वांनीं कारखाने काढावे किंवा संसार सोडावा, असें सांगण्याचा माझा हेतु नाहीं. सर्वांना तें साधणारही नाहीं. परंतु प्रफुल्लचंद्रांच्या चरित्रांतून एक गोष्ट कोणालाही घेतां येईल. आपण जें शिकलों त्याचा एखादा तरी धागा आपल्या गल्लींतील, आपल्या गांवांतील गरजेला नेऊन बांधावा. कोणी विहिरीचें पाणी तपासून द्यावें, कोणी भेसळ ओळखून दाखवावी, कोणी एखाद्या मदतनिधीचा हिशेब चोख ठेवून द्यावा. त्याला मोठें भांडवल लागत नाहीं, वेगळी पदवी लागत नाहीं. मुलगा किंवा मुलगी पदवी घेऊन घरीं आली म्हणजे कोठें लागणार हें अवश्य विचारावें, कारण पोट कोणाला सुटलें आहे? मात्र त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारावा : "बाळ, हें जें तूं शिकलास, तें कोणाच्या उपयोगीं आणणार?" त्याचें उत्तर लगेच मिळणार नाहीं. प्रफुल्लचंद्रांनाही तें एका दिवसांत मिळालें नव्हतें.